डीएनएच्या दोन धाग्यांमधलं बल किती? एका प्रश्नाची चाळीस वर्षं

डीएनएच्या भौतिकीवर रिसर्च करायचं ठरवून वाचायला बसलं की पहिल्याच आठवड्यात एक गोंधळ होतो. प्रश्न अगदी साधा असतो: डीएनएचे धागे एकमेकांना किती जोराने धरून ठेवतात? एका पेपरात उत्तर मिळतं १५२० पिकोन्यूटन. दुसऱ्यात २० ते ५०. तिसऱ्यात १० ते १५. चौथ्यात ६५. जर्नल्स सगळी नावाजलेली, लेखक सगळे अनुभवी. मग विद्यार्थी काय करतो? त्यातला सगळ्यात नवा पेपर निवडतो, त्याचा आकडा सिनॉप्सिसमध्ये टाकतो आणि पुढे जातो. पेटच्या मुलाखतीत कुणी विचारलं, की हा आकडा कुठून आला, तर उत्तर नसतं.

या चारही ठिकाणी मोजमाप झालेलं आहे. फक्त चौघांनी वेगवेगळे प्रश्न विचारलेत. ते प्रश्न एकमेकांपासून वेगळे कसे होत गेले, तो इतिहास आज सांगतो. नेट-सेटच्या अभ्यासात हा भाग येत नाही, पण स्वतःचा प्रश्न मांडायला बसाल तेव्हा हाच कामाला येतो.

पिकोन्यूटन म्हणजे नेमकं किती?

आधी मापाचा अंदाज घेऊ. एक पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. आपल्या बीड जिल्ह्यात कापूस घरोघरी, म्हणून सरकीचं उदाहरण घ्या. एका सरकीचं वजन साधारण ०.१ ग्रॅम, म्हणजे जवळपास १ अब्ज पिकोन्यूटन. एका तांबड्या रक्तपेशीचं हवेतलं वजन मात्र साधारण १ पिकोन्यूटन भरतं. डीएनएचं सगळं राजकारण या १ ते १०० पिकोन्यूटनच्या पट्ट्यात चालतं.

दुसरा आकडा पाठच करा: खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा, म्हणजे केटी, ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर असते. याचा अर्थ, एक नॅनोमीटर अंतरावर उष्णतेचे धक्केच ४ पिकोन्यूटनच्या घरात जातात. म्हणजे जे मोजायचं ते आणि त्याला हलवणारा गोंगाट, दोन्ही एकाच मापाचे. भर बाजारात, लोकांच्या धक्क्यांत, सोनाराचा काटा वापरण्यासारखं हे काम आहे.

१९८४: काहीही न ओढता बल मोजलं

एकेक रेणू पकडायची साधनं यायच्या आधीच डीएनएमधलं बल मोजलं गेलं होतं. १९८४ मध्ये डोनाल्ड राऊ, बी. ली आणि एड्रियन पार्सेजियन यांनी दोन शेजारी-शेजारी उभ्या डीएनए सर्पिलांमधलं प्रतिकर्षण मोजलं. युक्ती आपल्या लोणच्यातली आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं आणि फोड आक्रसते. त्यांनी मिठाच्या जागी पीईजी नावाचा मोठा पॉलिमर घेतला. हा रेणू इतका मोठा, की डीएनएच्या धाग्यांमध्ये शिरू शकत नाही, पण बाहेर राहून आतलं पाणी ओढून घेतो. पाणी गेलं की डीएनए एकमेकांजवळ सरकतात. किती दाबाने पाणी ओढलं जातंय हे पीईजीच्या प्रमाणावरून कळतं आणि डीएनए किती जवळ आले हे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून. दाब एका अक्षावर, अंतर दुसऱ्या अक्षावर. झाला बलाचा आलेख.

अपेक्षा अशी होती की हे प्रतिकर्षण विद्युतभारामुळे असणार. डीएनएच्या प्रत्येक बेस-जोडीमागे दोन ऋणभार असतात, आणि जोडी-जोडीतलं अंतर फक्त ०.३४ नॅनोमीटर. शिवाय विद्युतभाराचं बल द्रावणात मीठ वाढवलं की कमी व्हायला हवं. लांब अंतरावर तसं दिसलंही. पण पृष्ठभागांमधली फट ०.५ ते १.५ नॅनोमीटरवर आली की बल झपाट्याने वाढत होतं, साधारण ०.३ नॅनोमीटरच्या मापाने, आणि मिठाच्या प्रमाणाची त्याला फारशी पर्वा नव्हती. ०.३ नॅनोमीटर हा पाण्याच्या एका रेणूचा आकार. लेखकांनी निष्कर्ष काढला की शेवटच्या टप्प्यात डीएनएला अडवतं ते त्याला चिकटून बसलेलं पाणी.

पाण्याचं हे महत्त्व एका अर्थाने जुनंच होतं. रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डीएनएच्या धाग्याभोवतीची आर्द्रता बदलून त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार वेगळे केले होते. पाणी किती, यावर रचना ठरत होती. १९८४ च्या प्रयोगाने त्याच पाण्याचा जोर मोजला. पुढे १९९७ मध्ये अलेक्सी कोर्निशेव्ह आणि सर्गेई लेकिन यांनी दाखवलं की सर्पिलावर भार ज्या पद्धतीने मांडलेले असतात, त्यातूनही या बलाचा काही भाग समजावता येतो. पाणी किती आणि भार किती, हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला थिअरीत काम करायचं असेल तर इथे जागा आहे.

गोंगाटालाच माप बनवलं

१९८६ या एका वर्षात दोन साधनं आली. गर्ड बिनिग, केल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गर्बर यांनी एएफएम बनवला: अतिशय पातळ पट्टी, तिच्या टोकाला सुई. सुईला कुणी ओढलं की पट्टी वाकते, वाकणं लेसरने मोजायचं. त्याच वर्षी आर्थर अॅश्किन आणि सहकाऱ्यांनी, त्यात स्टीव्हन चूही होते, एकाच केंद्रित लेसर-झोताने पाण्यातला बारीक मणी पकडून दाखवला. हाच ऑप्टिकल ट्वीझर, म्हणजे प्रकाशाचा चिमटा. अॅश्किन यांना त्यासाठी २०१८ चं नोबेल मिळालं. (या मण्याला लॅबमध्ये सगळे 'बीड' म्हणतात. आपल्या जिल्ह्याच्या नावाशी गोंधळ नको, म्हणून मी मणीच म्हणतो.)

दोन्ही साधनांचं तत्त्व एक आहे: स्प्रिंग. स्प्रिंग किती ताणली हे दिसतं. तिला कडकपणाने गुणलं की बल मिळतं. अडचण अशी की कडकपणा आधी माहीत हवा. पिकोन्यूटनचं वजन कुठल्या दुकानात मिळतं? सरकीच्या एक अब्जाव्या भागाचं माप आणणार कुठून?

उत्तर अॅश्किनपेक्षा खूप जुनं आहे. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी परागकणांतून निघालेले सूक्ष्म कण पाण्यात सतत थरथरताना पाहिले. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी त्याचं गणित मांडलं आणि पुढच्या काही वर्षांत जाँ पेरां यांनी ते प्रयोगाने पक्कं केलं. त्या गणिताचा एक सोपा परिणाम असा: स्प्रिंगला बांधलेला कण उष्णतेमुळे जितका थरथरतो, त्या थरथरीच्या वर्गाची सरासरी गुणिले स्प्रिंगचा कडकपणा बरोबर केटी. केटी आपल्याला माहीत आहे. थरथर मोजता येते. म्हणजे कडकपणा मिळाला. एएफएमच्या पट्टीसाठी ही पद्धत १९९३ मध्ये जेफ्री हटर आणि जॉन बेकहोफर यांनी मांडली, आणि आज जवळपास प्रत्येक लॅबमध्ये सकाळची सुरुवात याच कॅलिब्रेशनने होते. जो गोंगाट मोजमापाच्या आड येत होता, त्यालाच वजनाचं माप केलं.

एक हिशेब स्वतः करून बघा. चिमट्याचा कडकपणा ०.१ पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर धरला तर मणी साधारण ६.४ नॅनोमीटर थरथरतो, म्हणजे बलातला गोंगाट ०.६४ पिकोन्यूटन. एएफएमची पट्टी शंभरपट कडक, १० पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर, धरली तर थरथर ०.६४ नॅनोमीटर आणि बलातला गोंगाट ६.४ पिकोन्यूटन. म्हणजे कडक स्प्रिंग जागा नेमकी सांगते आणि मऊ स्प्रिंग बल नेमकं सांगते. कुठलं साधन वापरणार, याचं उत्तर 'आमच्याकडे हेच आहे' असं न देता या हिशेबावरून देता यायला हवं.

१९९४: पंधराशे पिकोन्यूटन

१९९४ मध्ये अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतल्या गिल ली, लिंडा क्रिसी आणि रिचर्ड कोल्टन यांनी 'सायन्स'मध्ये पेपर छापला. एका गोलाकार टोकावर डीएनएचे छोटे एकेरी धागे चिकटवले, समोरच्या पृष्ठभागावर त्यांचे जोडीदार. दोन्ही टेकवले, जोड्या जुळू दिल्या आणि एएफएमने ओढून वेगळे केले. २० बेसच्या धाग्यांना १.५२ नॅनोन्यूटन, १६ ला १.११ आणि १२ ला ०.८३. एक नॅनोन्यूटन म्हणजे हजार पिकोन्यूटन.

लांबी वाढली की बल वाढतं हे समजण्यासारखं होतं, आणि पूरक धाग्यांमधलं बल थेट मोजता येतं हेच मुळात नवीन होतं. पण आकडा बघा. १९९९ मध्ये जर्मनीतल्या गटाने एएफएमने एकच सहसंयुज बंध तोडून मोजला, तो साधारण २ नॅनोन्यूटनला तुटला. हायड्रोजन बंधांनी जुळलेला २० बेसचा तुकडा त्याच्या जवळपास टिकेल? गोलाकार टोकावर धागे पुष्कळ असतात आणि एका वेळी अनेक जोड्या जुळलेल्या असू शकतात, हे त्याचं सगळ्यात सोपं स्पष्टीकरण. तिथून क्षेत्रापुढे एक प्रश्न उभा राहिला: आपण एकच जोडी ओढतोय हे सिद्ध कसं करायचं?

कसं धरलं, यावर उत्तर

एकच रेणू धरायचं काम कार्लोस बुस्तामांते यांच्या गटाने १९९२ मध्ये केलं होतं. स्टीव्हन स्मिथ आणि लॉरा फिंझी यांच्यासोबत त्यांनी लॅम्डा विषाणूचा एक डीएनए, लांबी साधारण १६ मायक्रॉन, एका टोकाने काचेला आणि दुसऱ्या टोकाने चुंबकीय मण्याला बांधून ताणला. सैल पडलेला डीएनए सरळ करायला सुरुवातीला फार बल लागत नाही. केटी भागिले ५० नॅनोमीटर, म्हणजे ०.०८ पिकोन्यूटनच्या आसपास त्याची सैल गुंडाळी सुटायला लागते. जॉन मार्को आणि एरिक सिगिया यांनी याचं सूत्र दिलं आणि १९९४ मध्ये ते मोजमापाशी उत्तम जुळलं.

१९९६ मध्ये बुस्तामांते यांच्या गटाने आणि फ्रान्समधल्या फिलिप क्लुझेल आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे आणखी जोर लावला. ६५ पिकोन्यूटनच्या आसपास डीएनए अचानक सुमारे १.७ पट लांब झाला. आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. डीएनएचा पीळ मात्र ६५ ला सैल होतो. पण एक अट आहे: टोकं फिरायला मोकळी हवीत. दोन्ही धागे दोन्ही टोकांना पक्के बांधून फिरणं बंद केलं, तर तेच व्हायला साधारण ११० पिकोन्यूटन लागतात. रेणू तोच, द्रावण तेच, फक्त गाठ वेगळी.

१९९७ मध्ये पॅरिसमध्ये एसवाझ-रूले, बोकेलमान आणि एस्लो यांनी दिशाच बदलली. डीएनएच्या एकाच टोकाचे दोन धागे धरून त्यांनी चेन उघडावी तसे ते वेगळे केले. बल १० ते १५ पिकोन्यूटनच्या दरम्यान, आणि क्रमात जी-सी जास्त आले की वर, ए-टी आले की खाली. १९९९ मध्ये म्युनिकच्या हेर्मान गाऊब यांच्या गटाने फक्त जी-सी असलेल्या डीएनएसाठी सुमारे २० आणि फक्त ए-टीसाठी सुमारे ९ असे आकडे दिले.

चेनचंच उदाहरण पुढे न्या. बंद चेन दोन्ही बाजूंना धरून, लांबीच्या दिशेने विरुद्ध ओढली तर सगळे दात एकदम भार घेतात. रनर सरकवला तर एका वेळी एकच दात उघडतो. दोन्ही वेळा चेन उघडतेच, पण 'चेनची ताकद' असा एक आकडा कुठून आणणार?

आणि किती वेगाने

१९९७ मध्येच इव्हान इव्हान्स आणि केन रिची यांनी शेवटचा धागा जोडला. त्याचं मूळ जॉर्ज बेल यांच्या १९७८ च्या कल्पनेत आहे. बैलाच्या दाव्याची सैल गाठ डोळ्यासमोर आणा. बैल सतत मान हलवतोय. तुम्ही दावं हलकं ओढून वाट बघत बसलात तर त्याच्या हिसक्यांनीच गाठ सुटते, तुमचा जोर थोडाच लागतो. एकदम ओढलंत तर हिसके बसायला वेळच मिळत नाही, सगळा जोर तुमचा. रेणूच्या बाबतीत हिसके देणारा बैल म्हणजे उष्णता. गणित सांगतं, की ओढण्याचा वेग दरवेळी दहापट केला की तुटण्याचं बल ठरावीक आकड्याने वाढतं.

१९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाने हे डीएनएवर तपासलं. १०, २० आणि ३० बेसच्या जोड्या वेगवेगळ्या वेगांनी ओढल्या आणि बल २० ते ५० पिकोन्यूटनमध्ये, वेगाप्रमाणे सरकत गेलं. सुरुवातीला दिलेले चार आकडे आता जागेवर बसतात: १५२० हा अनेक धाग्यांच्या पृष्ठभागाचा, २० ते ५० हा एका छोट्या जोडीचा आणि वेगासकट, १० ते १५ हा चेन उघडण्याचा, ६५ हा लांबीत ताणण्याचा.

गाठीत दाबलेला डीएनए

शेजारी-शेजारी उभ्या डीएनएमधलं १९८४ चं बल जिवंत गोष्टींत कुठे भेटतं? २००१ मध्ये बुस्तामांते यांच्या गटाने फाय-२९ हा जीवाणूंचा विषाणू घेतला. त्याचा डीएनए ६.६ मायक्रॉन लांब, आणि तो भरायचा ४२ गुणिले ५४ नॅनोमीटरच्या कवचात. गेवराई-माजलगावकडे जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुई दाबून १७० किलोची गाठ बांधताना पाहिलं असेल, तर शेवटी-शेवटी प्रेस कशी कण्हते ते माहीत असेल. विषाणूचंही तेच होतं. भरणी अर्ध्यावर गेली की वेग कमी व्हायला लागतो, कारण आतला डीएनए डीएनएलाच ढकलत असतो. ही भरणी करणारी प्रथिनांची मोटार ५७ पिकोन्यूटनपर्यंत जोर लावते आणि आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ६० पट होतो. पुढे संसर्गाच्या वेळी डीएनए जीवाणूत सोडायला हाच दाब मदत करतो.

प्रतिकर्षण घालवायचीही सोय निसर्गाकडे आहे. १९७९ मध्ये विल्सन आणि ब्लूमफिल्ड यांनी दाखवलं, की स्पर्मिडीनसारख्या जास्त धनभाराच्या रेणूंनी डीएनएचा सुमारे ९० टक्के भार झाकला की तो आपोआप गुंडाळून घट्ट होतो. आपल्या प्रत्येक पेशीतला दोन मीटर डीएनए काही मायक्रॉनच्या केंद्रकात मावतो, त्यामागे भार झाकण्याचं हेच तत्त्व आहे, फक्त ते काम तिथे मुख्यतः हिस्टोन प्रथिनं करतात.

हे सगळं आपल्यापासून किती लांब?

वाचताना वाटतं, की हे बर्कली-पॅरिस-म्युनिकचं काम. पण तराजू महाराष्ट्रातही आहेत. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये २००४ मध्ये जयश्री धर्माधिकारी, आदित्य धर्माधिकारी, शोभना शर्मा, दीपक माथुर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या चिमट्यात तांबड्या रक्तपेशी पकडल्या. मलेरियाची लागण झालेली पेशी त्या प्रकाशात फिरायला लागली, निरोगी पेशी फिरली नाही. त्याच संस्थेत रूप मलिक यांनी पेशीत ओझी वाहणाऱ्या डायनिन या प्रथिनाचं बल मोजलं. एकटं डायनिन साधारण १ पिकोन्यूटन ओढतं, पण अनेक मिळून मोठा भार कसा ओढतात हे त्यांच्या गटाने २०१३ मध्ये 'सेल'मध्ये दाखवलं. त्यांना २०१८ चं इन्फोसिस पारितोषिक मिळालं. ही कामं डीएनएवरची नाहीत, पण चिमटा तोच आणि कॅलिब्रेशनही तेच.

पुण्याच्या आयसरमधल्या शिवप्रसाद पाटील यांचं काम तर १९८४ च्या प्रश्नाच्या शेजारीच बसतं. २०१० च्या एका पेपरात, ज्याचे ते सहलेखक आहेत, एएफएमने पाण्याची फट तीन-चार रेणूंच्या थरांपर्यंत दाबली, तेव्हा पाणी द्रवासारखं वागायचं सोडून लवचीक घनासारखं वागू लागलं, आणि तेही दाबण्याच्या वेगावर अवलंबून. डीएनएच्या दोन सर्पिलांमधली एक नॅनोमीटरची फटही तीन-चार थरांचीच असते. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडते असं मी म्हणत नाही. प्रश्न म्हणून मात्र तो उभा राहतो, आणि चांगला आहे.

आष्टी, केज, अंबाजोगाई, परळी कुठेही असा, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शक असतोच. दुधाचा एक थेंब भरपूर पाण्यात मिसळा, स्लाइडवर घ्या, मोबाईलने एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. स्निग्धाचे एक मायक्रॉनचे गोळे थरथरताना दिसतील. असा गोळा एका सेकंदात सरासरी १.३ मायक्रॉनच्या आसपास सरकायला हवा. जागा नोंदवा, वर्गांची सरासरी काढा, पाण्याची विष्यंदिता आणि गोळ्याचा आकार घाला, केटी तुमच्या हातात येईल. पेरां यांनी वापरलं ते तत्त्व आणि कॅलिब्रेशनच्या मुळाशी असलेलं तत्त्व एकच आहे. हे एकदा हाताने केलेला विद्यार्थी मुलाखतीत वेगळा ओळखू येतो.

आणि सिनॉप्सिस लिहाल तेव्हा बलाचा आकडा एकटा लिहू नका. त्याच्याशेजारी चार गोष्टी लिहा: रेणू कुठे आणि कसा धरला, कोणत्या दिशेने ओढला, किती वेगाने आणि कोणत्या द्रावणात. या चार गोष्टी लिहिता येत नसतील तर तो आकडा अजून तुमचा झालेला नाही, मूळ पेपरची मेथड्स काढा आणि परत वाचा.